मे महिन्यात दगड, जुलैत लोणी: निफाडकडच्या एका मुरमाच्या रस्त्यावर केलेली कच्च्या धावपट्टीची चाचणी

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर मोठं मालवाहू विमान उतरताना दिसलं की हायवेवरच्या गाड्या आपोआप हळू होतात, आमची कॉलेजची बस पण झाली, आणि मागच्या सीटवरून एका पोराने विचारलं, मॅडम हे असलं धूड शेतात उतरेल का हो? मी इंजिनिअरिंग कॉलेजला मृदा यांत्रिकी शिकवते, म्हणजे माझ्यासाठी हा प्रश्न विमानाचा नाहीच, मातीचा आहे. तिथूनच शेवटच्या वर्षाच्या तिघांचा प्रोजेक्ट ठरला, आणि पुढे सहा महिने जे झालं ते इथे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण त्यात एक चूक माझी होती आणि ती कुणीही करू शकेल अशी आहे.

आधी विमानाचं सांगते. आपल्या हवाई दलाकडे ११ सी-१७ ग्लोबमास्टर मालवाहू विमानं आहेत, पहिलं जून २०१३ मध्ये आलं, दिल्लीजवळ हिंडनला असतात. पूर्ण भरलेलं सी-१७ साधारण २६५ टनाचं, आणि तरी ते १०६७ मीटर लांब नि फक्त २७ मीटर रुंद पट्टीवर उतरू शकतं असं त्याचं डिझाईन. कच्च्या पट्टीवर मात्र ते पूर्ण वजनाने नेत नाहीत, माल आणि इंधन कमी करून नेतात. मुख्य चाकं १२, पुढे २. इल्युशिन-७६, जे आपल्याकडे १९८५ पासून आहे, त्याला तर एकूण २० चाकं आणि त्यातल्या हवेचा दाब उडत असताना कॉकपिटमधून कमीजास्त करता येतो, म्हणजे मऊ जमीन असेल तर टायर पसरट करायचा. एवढी चाकं का, तर त्याच्या उलट उदाहरण १९४१ चं आहे, अमेरिकेत डग्लस कंपनीने एक्सबी-१९ नावाचं अवाढव्य बॉम्बर बनवलं, साधारण ७३ टन, आणि मुख्य चाकं दोनच, प्रत्येक ८ फूट उंच! ते विमान हलवायला गेले तर खालचा फरसबंद भागच दबला. त्या वर्षांतच अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी रस्त्यासाठी वापरली जाणारी सीबीआर चाचणी, म्हणजे जमीन किती भार पेलेल ते मोजणारी, विमानतळासाठी उचलली, जी आज आमच्या लॅबमधे पोरं दर आठवड्याला करतात. ५० मिमी व्यासाचा दांडा मातीत हळूहळू दाबायचा, मिनिटाला सव्वा मिमी वेगाने, आणि अडीच मिमी घुसायला किती जोर लागला ते बघायचं, चांगल्या खडीला १३७० किलो लागतात, तुमच्या मातीला त्याच्या किती टक्के लागले तो तुमचा सीबीआर. काळ्या मातीला दोन तीन, चांगल्या मुरमाला वीसच्या वर.

आता जागा. तिघांपैकी एका पोरीच्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, मेन रोडपासून पॅकहाऊसपर्यंत त्यांनी सरळसोट ४०० मीटरचा मुरमाचा रस्ता केलाय, सहा मीटर रुंद, द्राक्षाच्या सीझनला त्यावरून कंटेनर जातात. खाली आपली नेहमीची भारी काळी जमीन, वर साधारण फूटभर मुरूम, रोलर फिरवून दबाई केलेला. धावपट्टी म्हणून अर्थातच लांबीला रुंदीला काहीच नाही, पण मातीच्या दृष्टीने अगदी नमुना, कारण जगात बहुतेक कच्च्या पट्ट्या अशाच असतात, खाली जे निसर्गाने दिलंय ते आणि वर माणसाने आणून टाकलेला बरा थर. मामा लगेच हो म्हणाले, एकच अट घातली, फेब्रुवारी ते एप्रिल माल चालू असतो तेव्हा यायचं नाही.

म्हणून मे. आम्ही डीसीपी नेला, म्हणजे एक लोखंडी सळई, टोकाला ६० अंशाचा २० मिमी जाड कोन, आणि वरून ८ किलोचा घण ५७५ मिमी उंचीवरून सोडायचा. दर ठोक्याला कोन किती मिमी आत गेला ते लिहायचं, बस. त्यावरून सीबीआर काढायचं अमेरिकन लष्कराचं सूत्र आहे, २९२ भागिले मिमीचा १.१२ वा घात. ठोक्याला १० मिमी गेला तर सीबीआर २२, २० मिमी गेला तर १०, ४० गेला तर पाचसुद्धा नाही. साधं यंत्र आहे पण मला फार आवडतं, कारण ते थराथराने बोलतं, वरचं वेगळं खालचं वेगळं, लॅबच्या साच्यात ते कळत नाही.

दर २५ मीटरवर एक पॉइंट, आळीपाळीने डावीकडे मध्ये उजवीकडे, असे १७ पॉइंट मी आखून दिले. उन्हात पोरं घण उचलून उचलून थकली पण आकडे बघून खूश! वरच्या मुरमात ठोक्याला ५ ते ६ मिमी, म्हणजे सीबीआर चाळीसच्या आसपास. फूटभर खाली काळी माती लागली तिथेही १२ मिमी, म्हणजे १८. काळ्या मातीला १८! पोरांनी सगळ्याची सरासरी काढली आणि रिपोर्टच्या मसुद्यात लिहिलं की पृष्ठभाग जड मालवाहू विमानासाठी सक्षम. मी त्याच्या खाली सही केली नाही पण खोडलंही नाही. तो माझा पहिला दोष.

मे मधली काळी माती म्हणजे भाजलेली वीटच असते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं जे पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्याच्यामुळे. कोरडी असताना तिची ताकद खोटी नाही, खरीच असते, पण ती उसनी असते आणि पहिल्या पावसात परत करावी लागते. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, तरी समोर आकडे चांगले दिसले की माणूस विसरतो. मग लॅबमधे त्याच मातीचा साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवला, नियमच आहे ९६ तासांचा, आणि दाबला तर सीबीआर दोनच्या थोडा वर. अठरावरून दोन. तीच माती.

पोरांचं म्हणणं, मॅडम साच्यात ती सगळीकडून भिजते, रस्त्याला वर मुरूम आहे, खालची माती एवढी भिजणार नाही. प्रश्न चांगला होता आणि उत्तर फक्त पावसाळाच देऊ शकत होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, आठ दहा दिवस चांगला पाऊस होऊन दोन दिवस उघडीप मिळालेली. मामा बांधावर उभे होते, म्हणाले वाफसा नाही आला अजून, मी तर ट्रॅक्टरबी घातला नसता. वाफसा हा शब्द मला आमच्या पुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो. जमिनीत ओल आहे पण पाणी साचलेलं नाही, माती मुठीत धरली तर गोळा होतो आणि टाकली तर फुटतो, ती अवस्था. शेतकरी त्या एका शब्दात ठरवतो की आज या जमिनीवर वजन न्यायचं की नाही. धावपट्टीची पाहणी करणारं पथक जे यंत्राने ठरवतं तेच हे.

त्याच १७ पॉइंटवर पुन्हा ठोके. वरचा मुरूम ९ मिमी, म्हणजे सीबीआर २५, अजून चांगलाच. आणि खाली काळ्या मातीत ४५ मिमी, म्हणजे ४. मे मधला १८ गेला कुठे, तर मुरमाच्या कडेने आणि मुरमातून झिरपत पाणी खाली जाऊन बसलं होतं, आणि काळ्या मातीतून ते पुढे लवकर निघत नाही. पोरांनी पुन्हा सरासरी काढायला घेतली तेव्हा मात्र मी थांबवलं. वरचा २५ आणि खालचा ४ यांची सरासरी म्हणजे कुठल्याच थराचा आकडा नाही.

टायरमधल्या हवेचा दाब वरच्या थराला सोसावा लागतो, आणि एकूण वजन खालच्या थराला. सी-१७ चा टायर १४० पीएसआयच्या आसपास भरलेला असतो, ट्रकपेक्षा थोडाच जास्त, म्हणून वरचा मुरूम टिकेलही. पण समजा विमान हलकं करून २०० टनाला आणलं, त्यातलं ९० टक्के मुख्य १२ चाकांवर, तर एकेका चाकावर १५ टन येतात. आणि ही चाकं जवळजवळ असतात, म्हणून प्रत्येकाचा दाब जमिनीत जसजसा खाली पसरत जातो तसा शेजारच्या चाकाच्या दाबात मिसळतो, आणि काही फूट खाली गेलं की जमिनीला एका बाजूची वेगवेगळी चाकं कळतच नाहीत, एकच मोठा भार कळतो. म्हणून वर कडक आणि खाली मऊ अशी जमीन जड विमानाला सगळ्यात फसवी. माणूस चालतो, जीप जाते, कंटेनर जातो, आणि विमान रुततं. आम्ही जुनं एका चाकाचं सूत्र लावून बघितलं, १५ टन, १४० पीएसआय, खालचा सीबीआर ४, तर वर साधारण ७८ सेंमी चांगला थर पाहिजे असं येतं. ते सूत्र भरपूर फेऱ्यांसाठीचं आहे, मोजक्या फेऱ्यांना कमी चालतं, पण दुसरीकडे त्यात शेजारच्या चाकांचा भार धरलेला नाही. मामांच्या रस्त्याला थर होता ३०.

इथे मामांनी जे विचारलं त्याने सगळं प्रकरण फिरलं. ते मघापासून आमच्या खुणा बघत होते. म्हणाले, मॅडम तुम्ही चारीवर का नाही ठोकत? कुठली चारी? तर म्हणे हा रस्ता करायच्या आधी इढं आडवी पाण्याची चारी होती, ती बुजवून वर मुरूम टाकला, दर पावसाळ्यात तिढंच ट्रॅक्टर फसतो. जागा बघितली तर २२५ आणि २५० मीटरच्या खुणांच्या बरोबर मध्ये. माझी आखणी तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली होती. सतरा पॉइंट, सगळे नीट, आणि जिथे रस्ता मोडणार तिथे एकही नाही! तिथे ठोकलं तर मुरूम जेमतेम १५ सेंमी, आणि खाली ठोक्याला ७५ मिमी, सळई स्वतःच्या वजनाने जातेय की काय असं वाटलं. सीबीआर २.३. त्या जागेला सूत्राने मीटरभराच्या वर थर मागितला.

मामांना आम्ही मे मध्येच विचारायला हवं होतं. रस्ता कुणी केला, आधी काय होतं, पाणी कुठून जातं, कुठे काय फसलं, एवढे चार प्रश्न घण उचलायच्या आधीचे आहेत. मी त्यांना जागेचे मालक म्हणून परवानगी विचारली, माहिती विचारलीच नाही, आणि हे मला मनापासून लागलं, कारण ज्या माणसाने आयुष्यभर त्या मातीवर चाक चालवलंय त्याच्याएवढी तिची चाचणी कोणी केलेली नसते.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा भरलेला टँकर आणला, साधारण १६ टन सगळा मिळून, आणि एकाच चाकोरीतून पुन्हा पुन्हा चालवला. प्रत्येक फेरीनंतर आडवी पट्टी ठेवून चाकोरी किती खोल गेली ते मोजायचं. विमानांसाठी पण हेच करतात, कच्च्या पट्टीवर साधारण तीन इंच, म्हणजे ७५ मिमी चाकोरी पडली की ती जागा नापास धरायची अशी अमेरिकन लष्करी अभियंत्यांची जुनी पद्धत आहे. बाकी रस्त्यावर दहा फेऱ्यांनंतर २० मिमीच्या आसपास, आणि चारीवर पाचव्या फेरीला ६०, सहाव्याला ७५ च्या वर, सातव्या फेरीला टँकरचं मागचं चाक बसलं ते जेसीबीनेच निघालं. आणि विमानाच्या एका चाकावर याच्या पाचपट वजन असतं. चाकोरीच्या दोन्ही कडांना माती वर उचलून आली होती, म्हणजे खालची माती नुसती दबली नाही, बाजूला सरकून फुटली. ते बघताना पोरं गप्प झाली. पुस्तकात या फुटण्याचं चित्र असतं, तेच चित्र पायाखाली होतं.

खरं विमान घेऊन जेव्हा अशी चाचणी करतात तेव्हा एकदम उतरवत नाहीत. आधी हलक्या वजनाने हळू टॅक्सी, म्हणजे न उडता जमिनीवरच चालवणं, मग जोरात टॅक्सी, मग वेग घेऊन अर्ध्यात ब्रेक, मग उतरणं, मग वजन वाढवत पुन्हा तेच, आणि मध्ये मध्ये जमिनीवरची टीम पट्टी पायी फिरून चाकोऱ्या मोजते, डीसीपी ठोकते. सी-१७ च्या अशा चाचण्या अमेरिकेत कोरड्या पट्ट्यांवर झाल्या आणि मग ओल्यावरही कराव्या लागल्या, कारण ओल्याचं गणित वेगळं आहे. चिखल चाकाला मागे ओढतो म्हणून उडायला लांब पट्टी लागते, आणि तोच चिखल टायरखाली साबणासारखा होतो म्हणून ब्रेक लागत नाही, थांबायलाही लांब पट्टी लागते. दोन्हीकडून तोटा. आमच्या रस्त्यावर हे चपलेनेसुद्धा कळत होतं, मुरमाचा वरचा पातळ थर बारीक गाळाने चिकट झालेला, त्याच्या लगेच खालच्या मुरमाचा सीबीआर २५ असला तरी पाय घसरत होता. ताकद आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डीसीपी फक्त पहिली सांगतो.

कोरड्याला त्रास दुसरा, धूळ आणि खडे. मे मध्ये पोरांनी रस्त्यावरचे सुटे दगड वेचून बघितले, मुठीएवढे पण निघाले. ते इंजिनात गेले तर पंख्याची पाती जातात, पोटाला लागले तर अँटेना नि पत्रा, आणि टायरला काप जातात ते वेगळेच. म्हणून ही विमानं उंच पंखांची असतात, इंजिनं जमिनीपासून वर राहावीत म्हणून, आणि सी-१७ चं उलटा जोर देणारं यंत्र हवा वर आणि पुढे फेकतं, खाली नाही, धूळ कमी उडावी म्हणून.

पोरांनी भारतातलं उदाहरण मागितलं तेव्हा मी दौलत बेग ओल्डी सांगितलं. लडाखमधे १६,६१४ फुटांवरची कच्ची पट्टी, १९६२ पासून वापरात, आणि १९६६ मध्ये बंद पडली ती भूकंपाने तिथली माती सैल झाली म्हणून. शत्रू नाही, हवामान नाही, माती. मग ३१ मे २००८ ला हवाई दलाचं एएन-३२ मालवाहू विमान उतरलं, आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्याहून मोठं सी-१३०जे. सी-१३० साधारण ७० टनाचं आणि मुख्य चाकं चारच, म्हणजे हिशोब केला तर पूर्ण भरलेल्या सी-१३० च्या एका चाकावर सुद्धा साडेसोळा टनांच्या आसपास येतात, सी-१७ पेक्षा फार वेगळं नाही. फरक खोलीत आहे, चार चाकांचा दाब खाली मिसळतो तो कमी, बारा चाकांचा जास्त. नाशिकच्या काळ्या मातीला लागू पडणारा धडा तिथल्या थंड वाळवंटात तसाच्या तसा मिळणार नाही, तिथे रेती नि खडे आणि पाऊस जवळजवळ नाही, आपल्याकडे चार महिने पाणी. पण माती सैल झाली की पट्टी गेली, हे दोन्हीकडे तेच.

मामांचा रस्ता आम्ही दुरुस्त करून दिला, चारीवरची भिजलेली माती मीटरभर काढली, तळाला गोटा, वर मुरूम दोन थरांत पाणी मारून दाबला, आणि आडवा सिमेंटचा पाईप टाकला म्हणजे पाण्याला जुनी वाट मिळाली. खर्च कॉलेजच्या प्रोजेक्ट फंडातून थोडा, बाकी मामांनी घातला, त्यांनी ऐकलंच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी तिसऱ्यांदा गेलो. रस्ता वरून खडखडीत, बाईक गेली तरी धूळ. कुणीही बघून म्हणेल की सुकला. वरच्या मुरमात पुन्हा ६ मिमी. आणि चारी सोडून बाकीच्या जागी फूट दीड फूट खाली अजून ३५ मिमी, म्हणजे सीबीआर साडेपाचच्या आत. वर धूळ उडत होती आणि खाली जुलैचं पाणी अजून होतं. पोरांनी या वेळी सरासरी काढली नाही, सगळ्यात वाईट पॉइंट, त्याची खोली आणि तारीख एवढंच पहिल्या पानावर लिहिलं, आणि त्याच्या खाली मामांनी सांगितलेल्या पाण्याच्या वाटांचा नकाशा. पुढचे ठोके डिसेंबरात, छाटणी उरकली की या म्हणालेत.